घड्याळमामांचे सहा तास

पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी शेतकऱ्यांना पाळीपाळीने वाटून देणारा माणूस. कचेरीच्या यादीत त्याचं नाव शेवटून दुसरं असतं. पण शेतकऱ्यांना विचाराल, तर तो साहेबाच्या वर आणि देवाच्या थोडा खाली. ज्याच्या कमरेला गेटची चावी लटकते, त्याच्याशी कोण वाकडं बोलणार? इतकी साधी गोष्ट, पण आमच्या पाटकऱ्याला ती एकोणतीस वर्षं कळली नाही. कळली तेव्हा निवृत्तीला चार महिने राहिले होते.

त्यांना सगळे घड्याळमामा म्हणत. मनगटाला चावीचं घड्याळ, खिशात शिट्टी, सायकलच्या हँडलला पिशवी आणि पिशवीत वही. गेट कधी उघडलं, कधी लावलं, कोणाची पाळी कधी सुरू झाली, हे सगळं मिनिटासकट त्या वहीत. मामींचं म्हणणं, हा माणूस चहालासुद्धा पाळी लावतो. "पहिल्या बाळंतपणाला मला कळा सुरू झाल्या," त्या आल्यागेल्याला सांगत, "तर यांनी आधी वहीत वेळ लिहिली आणि मग गाडी बोलवायला गेले!" मामा यावर रागावत नसत, उलट खूश होत. त्यांना ती तारीफच वाटे.

मामांच्या ताब्यात एक चारी होती. चारी म्हणजे मोठ्या कालव्यातून फुटणारा लहान मातीचा पाट. ही सात किलोमीटर लांब, आणि तिच्यावर चौदा शेतं. दर वीस दिवसांनी पाणी सुटायचं आणि प्रत्येक शेताला सहा तास मिळायचे. बाकीच्या चाऱ्यांवर काय चालायचं ते सांगायला नको. गेटजवळचा पोट भरून घ्यायचा आणि शेवटचा कोरडा राहायचा. मामांनी मात्र रुजू झाल्या झाल्या नियम घातला होता, की पहिली पाळी शेवटच्या शेताची. सकाळी सहाच्या ठोक्याला गेट वर आणि शेपटाकडच्या शेताची पाळी सुरू. बाराच्या ठोक्याला त्याच्या अलीकडच्या शेतकऱ्याने चारीत फळी टाकायची आणि पाणी आपल्याकडे वळवायचं. असं एकेक शेत मागे सरकत शेवटी गेटजवळचा. "गरिबाला आधी," असं मामा म्हणायचे आणि मान ताठ करून म्हणायचे.

सहा तास म्हणजे सहा तास. त्यात भाऊ नाही, मेहुणा नाही, वशिला नाही. मामांना खरोखरच कोणाचा कपभर चहासुद्धा लागला नाही. एवढं सांगितलं की पुढचं ऐकताना तुम्ही त्यांना लबाड समजणार नाही. लबाड असते तर ही गोष्ट सोपी झाली असती.

तर एके दिवशी शाखेच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "मामा, वरून पाहणी आली आहे. पाण्याची सेवा कशी आहे, हे या वेळी शेतकऱ्यांनाच विचारायचंय. एक मुलगी येईल, तिला चारी दाखवा. चांगले गुण पडले तर निरोपाच्या दिवशी तो कागद तुम्हाला फ्रेम करून देऊ."

मामांनी त्याच संध्याकाळी बाहेरच्या खोलीतलं कॅलेंडर काढलं, खिळा तेवढा ठेवला. मामींनी विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "जागा लागणार आहे."

पाहणीवाली मुलगी पंचविशीची होती. डोक्याला रुमाल, पायात मळके बूट आणि हातात बिस्किटांचा जुना डबा. डब्यात कोटाची मोठी काळी बटणं. ती शेतकऱ्यापुढे चार चित्रं मांडायची. पाणी वेळेवर येतं का, पुरेसं येतं का, आधी खबर मिळते का, आणि कर्मचारी नीट वागतो का. प्रत्येक चित्रावर शून्यापासून पाचपर्यंत हवी तितकी बटणं ठेवायची. लिहिता न येणाऱ्यालाही जमावं म्हणून ही युक्ती. मामांना ती इतकी आवडली, की दुसऱ्या शेतापासून तेच समजावून सांगायला लागले.

आणि बटणं अशी पडत होती की विचारू नका. पाच, पाच, पाच, पाच. गेटजवळचा शेतकरी तर म्हणाला, "ताई, सहावं ठेवायची सोय नाही का? मामांसारखा माणूस मिळायचा नाही." मामा तोंडाने "अरे, पुरे" म्हणत होते, पण पाय जमिनीला लागत नव्हते. मुलगी लिहून घेत होती. एकदोनदा ती म्हणालीही, "काका, तुम्ही सावलीत बसा ना थोडं, मी येते विचारून." मामांना वाटलं, पोर मायाळू आहे. "छे, छे, मला सवय आहे," असं म्हणून ते पुढे चालायला लागले.

शेवटच्या शेतावर पोहोचेपर्यंत दुपार झाली. चारी तिथे पायरीएवढीच उरते, तिच्यापलीकडे माळ. शेतात एक पन्नाशीची बाई मका खुडत होती, तिची सून बांधावर पाटी घेऊन उभी होती. मामांना बघितल्यावर दोघींनी हातातलं काम ठेवलं आणि पदर सारखे केले. मुलीने चित्रं मांडली. बाई बसली आणि कोणी काही विचारायच्या आत चारही चित्रांवर पाच पाच बटणं ठेवून मोकळी झाली, जशी काही आधीच मोजून ठेवली होती.

"तुम्हाला घड्याळमामा का म्हणतात हो?" मुलीने सहज विचारलं.

झालं. ही गोष्ट सांगायला मामांना कधी दोनदा सांगावं लागत नसे.

"अगं, वीस वर्षं झाली त्याला. गेटवर सगळ्यांची बैठक होती. एक म्हातारा उठला आणि म्हणाला, माझ्या शेतात पाणी दोन तासच टिकतं. मी म्हटलं, बाबा, घड्याळ आहे का तुमच्याकडे? नाही म्हणाला. मग तास मोजले कशाने? तर म्हणतो, सावलीने! मी काय केलं, घड्याळ काढलं आणि त्याच्या कानाला लावलं. म्हटलं, ऐका बाबा, चालू आहे की बंद? अगं, लोक असे हसले, असे हसले! त्या दिवसापासून मी घड्याळमामा."

मामा स्वतःच पोट धरून हसले. मुलगी कसंनुसं हसली. बाई बटणांकडे बघत होती. सुनेने सासूकडे बघितलं आणि पाटी उचलून ती मक्यात निघून गेली. मामांना वाटलं, कामाची घाई असेल.

पंधरा दिवसांनी, रविवारी, मुलगी मामांच्या घरी आली. कालव्याच्या कडेला दोन खोल्यांचं सरकारी घर. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या, एक खाट आणि भिंतीवर तो रिकामा खिळा. मामींनी चहा ठेवला. मुलगी खुर्चीच्या टोकावर बसली आणि खाली बघत म्हणाली, "काका, रागावू नका. कर्मचारी समोर असताना घेतलेली बटणं धरायची नाहीत, असा नियम आहे. त्या दिवशी तुम्हाला परत जा म्हणायला मला धीर झाला नाही. म्हणून मी एकटी पुन्हा फिरले. साहेबांकडे दोन्ही कागद आहेत. पण हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, असं वाटलं."

तिने कागद पुढे केला. मामांनी चष्मा लावला. गेटजवळच्या शेतांची बटणं होती तिथेच होती. पण जसजसं खाली यावं तसतशी ती उतरत गेली होती. चार, तीन, दोन. शेवटच्या शेतापुढे 'पाणी पुरेसं' या रकान्यात शून्य होतं. 'वागणूक' रकाना कोरा होता आणि शेजारी मुलीच्या अक्षरात त्या बाईचं म्हणणं लिहिलं होतं: 'आमच्या सासऱ्यांनी एकदा विचारलं होतं. त्यानंतर आमच्या घरातून कोणी काही विचारत नाही.'

मामांनी ते वाक्य दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना. वीस वर्षं जी गोष्ट ते लग्नाकार्यात, चहाच्या टपरीवर, कचेरीत हसत हसत सांगत आले होते, त्या गोष्टीतल्या म्हाताऱ्याला घर होतं, सून होती. आणि त्या सुनेच्या शेतात उभं राहून, तिच्या तोंडावर, त्यांनी ती गोष्ट आणखी एकदा सांगितली होती. वर हसलेही होते. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मामी स्वयंपाकघराच्या दारात चहा घेऊन उभ्या होत्या; त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना.

लाज वाटली की माणूस आधी चिडतो. मामाही चिडले. "खोटं आहे! सहा तास म्हणजे सहा तास! वही आणून दाखवतो. एका मिनिटाचा फरक काढून दे मला!"

"वही खरी असेल, काका," मुलगी उठत म्हणाली. "तुम्ही वेळ कुठे उभं राहून लिहिता?"

"गेटवर. आणखी कुठे?"

ती चपला, म्हणजे ते मळके बूट, घालून निघून गेली. चहा तसाच राहिला. मामींनी कागद उचलला, सावकाश वाचला आणि घडी घालून परत ठेवला. बोलायला लागल्या की न थांबणाऱ्या मामी, त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "ते म्हातारबाबा मला भाजीबाजारात भेटायचे. मी पाटकऱ्याची बायको म्हणून आपली पाटी उचलून मला जागा करून द्यायचे."

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. "मामा, दुसरा कागद जरा बोचरा आहे. वर पहिलाच पाठवतो. तुमचाही निरोप गोड होईल. हरकत नाही ना?"

आता इथे मामांनी ठणकावून सांगायला हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. पण मामा म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, साहेब." आणि फोन ठेवल्यावर आपण हे बोललो याचीच त्यांना इतकी लाज वाटली, की दिवसभर ते आरशासमोरून जाताना मान वळवत होते.

गुरुवारी पाणी सुटायचं होतं. सकाळी सहाला मामांनी गेटचं चाक फिरवलं. पाणी फेसाळत चारीत घुसलं, मापाच्या पट्टीवर बरोबर हवं तिथे चढलं. एरवी मामा इथेच बसत, कोणी दगड घालून पाणी चोरू नये म्हणून. आज त्यांनी वेळ लिहिली, गेटला कुलूप घातलं, सायकल हातात धरली आणि पाण्याबरोबर चालायला लागले. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.

पहिला अर्धा किलोमीटर पाणी त्यांच्या पुढे होतं. मग बरोबरीने आलं. मग मागे पडायला लागलं. वीस दिवस उन्हात तापलेली चारी तहानलेली होती. प्रत्येक भेग आधी पाणी प्यायची, मग पुढे जाऊ द्यायची. एका ठिकाणी उंदरांच्या बिळात पाणी शिरलं आणि किती तरी वेळ शिरतच राहिलं. एका खळग्यात म्हैस डुंबेल एवढं तळं साचेपर्यंत पुढे थेंब सरकला नाही. गवताच्या बेटांपाशी पाणी थांबायचं, काडीकचरा गोळा करायचं, आणि मुंगीच्या चालीने पुढे निघायचं. मामा दर किलोमीटरला वेळ लिहीत होते. चौथ्या किलोमीटरला वाजले होते आठ. मामा बांधावर बसले. उठले. पुन्हा बसले.

हिशेब कळायला त्यांना पुढचं बघायची गरज नव्हती. कोरडी चारी भरायचा सगळा वेळ पहिल्या पाळीतून जात होता, आणि पहिली पाळी कायम शेवटच्या शेताची. तिथे बाराला फळी पडली की पुढच्या तेरा जणांना भरलेली, ओली चारी आयती मिळत होती; खालच्यांचं गळतीत जाई तेवढंच कमी. गरिबाला आधी! आधी देऊन त्यांनी त्या घराच्या पाळीत सगळ्यांची चारी भरून घेतली होती. वर्षानुवर्षं, मिनिटासकट, वहीत सही करून. गेटजवळचा सहावं बटण का मागत होता, तेही आता कळलं. त्याला हे ठाऊक होतं. खालच्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त घड्याळवाल्याला.

शेवटच्या शेताच्या तोंडाशी पाणी पोहोचलं तेव्हा वाजले होते पावणेदहा. तिथून बारापर्यंत सव्वादोन तास. म्हाताऱ्याची सावली मामांच्या घड्याळापेक्षा बरोबर चालत होती.

बांधावर ती बाई, तिची सून आणि मुलगा फावडी घेऊन आधीच उभे होते, शर्यतीला उभे राहावेत तसे. पाण्याचा पहिला हात शेतात शिरला मात्र, तिघंही पळत सुटले. दारं धरायचं म्हणजे एका वाफ्यात पाणी भरलं की त्याचं तोंड मातीने बंद करून दुसऱ्याचं फोडायचं. शांतपणे करायचं काम. ही माणसं ते पळत करत होती. मुलगा तोंड फोडतो तोवर सून मागचं लिंपते, आणि बाई साडी खोचून गुडघाभर चिखलातून पुढच्या वाफ्याकडे धावते. सून एकदा घसरून पडली, उठली, तशीच पळाली. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बोलायला वेळ नव्हता.

मामांना हे बघवेना. ते ओरडले, "अहो, पळू नका! तुमची पाळी आत्ता सुरू झाली. पावणेदहाला! पावणेचारपर्यंत पाणी तुमचंच आहे!"

बाईने एकदा वळून बघितलं. आणि पुन्हा पळायला लागली.

मामा बांधावर उभे राहिले. खाली बसायचीही लाज वाटत होती. बाराला अलीकडचा शेतकरी फळी घेऊन आला, तर मामांनी ती धरली. "पावणेचारला टाक."

"मामा, बारा वाजले! तुमच्याच घड्याळात बघा."

"माझं घड्याळ इतकी वर्षं चुकलं. पावणेचारला टाक. सगळ्यांची पाळी तेवढी पुढे जाईल, मी जाऊन सांगतो एकेकाला. शिव्या खायच्या त्या मला खाऊ दे."

इकडे त्यांचं बोलणं होतंय तोवर, बाराच्या ठोक्याला, बाईने आपल्या हाताने आपल्या शेताचं तोंड मातीने बंद केलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. वरचे वाफे भिजले होते. खालचे, अर्ध्याहून जास्त, भेगाळलेले तसेच होते. तिघंही फावड्यांवर रेलून धापा टाकत होते.

मामा चिखलात उतरले. बाईसमोर उभे राहिले. "बंद का केलं? उघडा. सांगितलं ना, अजून तुमचंच आहे."

बाईने पदराने तोंड पुसलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मामांना बरं वाटलं असतं. "मामा, आज वरून कोणी बघायला येणार आहे का? म्हणजे तसं आधी सांगा. मुलाला शर्ट बदलायला पाठवते."

 मामांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "कोणी येणार नाही. तुमच्या सासऱ्यांचं बरोबर होतं. दोनच तास मिळायचे. त्यांचं चार लोकांत हसं केलं मी. त्या दिवशी तुमच्यासमोर पुन्हा हसलो. माझं चुकलं."

"हं," बाई म्हणाली.  "त्यांना सांगायला हवं होतं तुम्ही. नऊ वर्षं झाली जाऊन. शेवटी शेवटी त्यांनाच वाटायला लागलं होतं, की आपलंच मोजायला चुकतंय. उन्हात काठी रोवून बसायचे, खुणा करायचे, पुसायचे, परत करायचे. म्हणायचे, घड्याळ कसं चुकेल?"

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते बांधाच्या आडोशाला गेले, खिशातून फोन काढला आणि साहेबांना लावला.

"साहेब, तो दुसरा कागद पाठवा."

"मामा, अहो, त्यात तुमचं शून्य..."

"माहीत आहे. पहिली बटणं माझ्यासमोर पडली होती. धरू नका. आणि वेळ कुठून मोजायची तेही मी लिहून देतो, ते जोडा."

फोन ठेवून ते परत आले. बाई अजून तिथेच उभी होती. मामांनी तिच्याकडे न बघता वाकून, आपल्या हाताने, शेताच्या तोंडावरची माती बाजूला केली. पाणी पुन्हा आत शिरलं.

आणि ते शिरताच तिघं पुन्हा पळत सुटले. बाई पुढे, सून मागे, मुलगा फावडं उंच धरून. "हळू!" मामा ओरडले. "साडेतीन तास आहेत अजून! हळू करा!" त्यांनी शिट्टी वाजवली, हात केले, मनगट वर धरून घड्याळ दाखवलं. घड्याळाकडे बघून तर सून आणखी जोरात पळाली.

मामांनी हात खाली घेतला. मग चपला काढल्या, बांधावर पडलेलं जास्तीचं फावडं उचललं आणि तेही त्यांच्यामागे वाफ्यांची तोंडं लिंपत धावू लागले. पावणेचार वाजले आणि फळी पडली, तोवर कोणीही चालत गेलं नाही.